पिंपाचं गाणं कुणाकडे

ऑरविक, सफोक
रविवार, १३ ऑक्टोबर १९०७

प्रिय रूबेन,

नाताळ आणि वाढदिवस सोडून मी तुला कधी लिहीत नाही, तेव्हा पाकीट बघून तुला वाटलं असेल की कुणीतरी गेलं. तसं काही नाही. बाबा ठणठणीत आहेत, होडी किनाऱ्यावर आहे, आणि तुझी बहीण अजून बिनलग्नाची आहे. बातमी निराळीच आहे. बाबांनी पिंपाचं गाणं देऊन टाकलं.

गेल्या मंगळवारी लंडनचे एक गृहस्थ सायकलवरून आले. नाव मिस्टर ॲशकोम. मी विमावाले समजून त्यांना दारातूनच कटवणार होते. पण ते म्हणाले, मी संगीतकार आहे, गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या तोंडची गाणी उतरवून घेतो, आणि चर्चमधल्या व्हिकरच्या बायकोनं तुमच्या वडिलांचं नाव सांगितलं. मी त्यांना किनाऱ्यावर नेलं. बाबा होडीला डांबर लावत होते. ॲशकोम चांगल्या विजारीनिशी माशांच्या खोक्यावर बसले, आधी रुमालानं खोका पुसलाही नाही. तिथेच मला ते आवडले.

बाबांनी आधी आढेवेढे घेतले, मग पिंपाचं गाणं म्हटलं. ॲशकोमनी ते पुन्हा म्हणायला सांगितलं, जरा सावकाश. बाबांनी म्हटलं. मग ते म्हणाले, "मिस्टर बोरेट, एकदाच आणखी, अगदी हळू." मी शेजारीच जाळं दुरुस्त करत बसले होते. माझ्या हातातली सुई थांबली.

लंडनला राहून तू विसरला असशील म्हणून सांगते. आपल्याकडे गाणं एका माणसाचं असतं. तो जिवंत असेपर्यंत दुसऱ्यानं ते म्हणायचं नाही, ध्रुवपद तेवढं सगळ्यांचं. आणि द्यायचं असेल तर घेणाऱ्याला समोर बसवून तीनदा म्हणायचं, सावकाश, मध्ये न थांबता. तिसऱ्यांदा म्हणून झालं की गाणं त्याचं. देणाऱ्यानं ते परत तोंडात घ्यायचं नाही. आजोबांनी बाबांना असंच दिलं होतं आणि नंतर दहा वर्षं ते 'शिप'च्या गुत्त्यात बसून मुकाट्यानं ऐकत होते.

ॲशकोमना यातलं काय माहीत. त्यांना कागदावर सूर मांडायला वेळ हवा होता. पण बाबांना पुरतं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग समुद्राकडे बघितलं, टोपी काढली आणि तिसऱ्यांदा सुरू केलं. ते कधी इतकं छान म्हणाले नव्हते.

घरी आल्यावर मी विचारलं, "एका परक्या माणसाला दिलंत?"

"त्यानं मागितलं."

"रूबेनसाठी ठेवलं होतंत ना?"

"त्यानं कधी मागितलं नाही. त्यानं दुरुस्त केलं."

झालं, परत तो नाताळ. तू संगीताच्या कॉलेजातून नवा नवा आला होतास, कोरा कोट घालून 'शिप'मध्ये उभा राहिलास आणि सगळ्यांदेखत म्हणालास की बाबा, दुसऱ्या ओळीच्या शेवटी तुमचा सूर चुकतो, तो चढा हवा, तुम्ही तो खाली बसवता. तुला जे शिकवलं ते तू सांगितलंस, मी त्याबद्दल तुला कधी बोल लावला नाही. पण बाबांचा चेहरा तू नीट बघितला नाहीस. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितला.

मजा सांगू? पहिल्यांदा म्हणून झालं तेव्हा ॲशकोम त्याच सुरावर अडले. पेन्सिल हवेत तशीच राहिली. म्हणाले, "ही ओळ तेवढी पुन्हा म्हणता? हा खालचा सूर मी इंग्लंडभर शोधत होतो. शाळेत आम्हाला तो घासून काढायला शिकवलं. कृपा करून तो हलवू नका." बाबा म्हणाले, "मी कशाला हलवतोय, तो तिथेच असतो."

तुला दुखवायला हे लिहीत नाही. गाणं तुझ्याकडे जायचं होतं म्हणून तुला आधी कळवलं. बाबांना या पत्राचं माहीत नाही.

तुझी,
डॉर्कस


ऑरविक
रविवार, २४ नोव्हेंबर १९०७

प्रिय रूबेन,

पाच ओळींचं का होईना, उत्तर आलं. गाण्यावर कुणाची मालकी नसते, असं तू लिहितोस. हे लंडनला बसून लिहिणं सोपं आहे. इथे 'शिप'मध्ये गाणी पुकारणाऱ्या क्रिस्पकाकांच्या तोंडावर म्हणून दाखव.

पण खरी गंमत तर तुझ्या शेवटच्या दोन ओळींत आहे. ॲशकोमना तू चांगला ओळखतोस, वसंतात त्यांची नवी रचना वाजणार आहे ती तुमचाच वाद्यवृंद वाजवणार आहे, आणि ते तुला 'सिन्योर बोरेटी' म्हणतात. तू पाकिटावर बोरेटी लिहायला सांगितलंस तेव्हा मला वाटलं होतं की घरमालकीण वेंधळी असेल. आता कळलं. बोरेट नावाच्या माणसाला पुढची खुर्ची कोणी देत नाही, नावाच्या शेवटी एक परदेशी अक्षर जोडलं की तुझं ते थोरलं व्हायोलिन, तो व्हायोला, आपोआप गोड वाजतो. बरं झालं आई नाही. तिनं विचारलं असतं, इटलीतले लोक हेरिंग मासे भाजून खातात की उकडून.

तू लिहितोस, ॲशकोम तुम्हा सगळ्यांपुढे उभे राहून सांगतात की जर्मनांची उसनवारी पुरे, आपल्या देशाचा आपला सूर आहे, तो शेतात आणि किनाऱ्यावर अजून जिवंत आहे. आणि समोर बसून सिन्योर बोरेटी मान डोलावतात. मला इतकं हसू आलं की बाबा विचारायला लागले, काय झालं. मी म्हटलं, घशात काटा गेला.

आता हसण्यासारखं नाही ते सांगते. तुला पहिलं पत्र टाकल्यानंतरच्या शनिवारी 'शिप'मध्ये नेहमीसारखी गाणी सुरू झाली. क्रिस्पकाकांनी पत्त्यांच्या क्रिबेज खेळाची फळी टेबलावर ठोकली आणि पुकारलं, "एबेल बोरेट, पिंप." बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "ते आता माझ्याकडे नाही." लोकांना थट्टा वाटली. काका म्हणाले, "गा, बोल, नाहीतर बिअर पाज." बाबांनी सगळ्यांना बिअर पाजली आणि खाली बसले. पुढच्या शनिवारी तेच. मग लोक चिडले. टॉमस कटिंग म्हणाला, "एबेल, लंडनचा माणूस काय दर शनिवारी सायकल मारत येणार आहे? गाणं गावाबाहेर गेलं म्हणजे मेलंच." बाबा टोपी घालून घरी आले. त्यानंतर ते 'शिप'मध्ये गेलेले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी ते चुलीपाशी बसतात आणि नीट असलेले दोर परत वळतात. कधी काम करताना नकळत गुणगुणायला लागतात, पहिली ओळ होते, दुसरी सुरू होते, मग आठवतं आणि तोंड मिटतात. तसे अर्ध्यावर तोंड मिटलेले बाबा मला बघवत नाहीत, रूबेन. आईच्या सोबतीपेक्षाही जास्त वर्षं त्यांनी ते गाणं म्हटलंय.

तू रोज त्या माणसासमोर बसतोस. त्यांना एवढंच सांग की गाणं परत द्या. ते भले आहेत, नाही म्हणणार नाहीत.

तुझी,
डॉर्कस


ऑरविक
रविवार, १६ फेब्रुवारी १९०८

प्रिय रूबेन,

तू सांगणार नाहीस. सांगितलं तर बोरेटीचा बोरेट होईल, आणि वर 'हे गाणं तुझ्या बापाचं, मग आजवर बोलला का नाहीस' असं ते विचारतील. समजलं. म्हणून मीच ॲशकोमना लिहिलं. तुझं नाव काढलं नाही, काळजी नको.

ते उत्तर लिहीत बसले नाहीत. सरळ आले, एवढ्या थंडीत, कान लाल करून. दारातच म्हणाले, "मिस बोरेट, मी चोर आहे आणि मला ते ठाऊकच नव्हतं." मग बाबांना म्हणाले की तुमचं गाणं तुम्हाला परत, आत्ताच्या आत्ता. बाबा म्हणाले, असं दारात परत देता येत नाही. जसं घेतलं तसं द्यायला लागतं, म्हणून दाखवायला लागतं, आणि 'शिप'मध्ये, कारण सगळा गाव खोळंबलाय.

त्या शनिवारी एवढी गर्दी झाली की दारूला न शिवणारे चॅपलवालेसुद्धा बाहेर खिडकीशी उभे होते. काकांनी फळी ठोकली. ॲशकोम उभे राहिले. देवानं त्या माणसाच्या डोक्यात काय काय भरलंय, पण गळ्यात काही म्हणजे काही ठेवलेलं नाही. आवाज गंजलेल्या फाटकासारखा. तरी चाल मात्र अचूक, आणि तो खालचा सूर जिथल्या तिथे. पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं. आरमाराचे लोक माणसं धरून न्यायला येतात, पोरगी आपल्या प्रियकराला हेरिंगच्या पिंपात लपवते. आणि इथे ॲशकोम थांबले.

लोक वाट बघायला लागले. ॲशकोम लाल झाले. शेवटी म्हणाले, "पुढचे शब्द मी उतरवून घेतले नाहीत."

"का?" काकांनी विचारलं.

"ते छापता आले नसते."

पोरगी त्याच्यामागून पिंपात शिरते आणि शिपाई वर बसून तंबाखू ओढतात, ती सहाच्या सहा कडवी त्यांनी सोडली होती. बाबांनी त्यांना म्हटली होती तीनदा, तोंडावरची सुरकुती न हलवता, आणि ते नुसते सूर लिहीत बसले होते. 'शिप'मध्ये असा हशा उसळला की दिवा हलला. कुणी शब्द सांगायचा तर रीत नाही, गाणं देताना मध्ये बोलायचं नसतं. काकांनी फळी ठोकून निकाल दिला, "पिंप अर्धंच भरून आलंय. असं परत घेता येत नाही. एबेल, गाणं अजून त्यांच्याकडेच." ॲशकोम स्वतःच डोळे पुसेपर्यंत हसले आणि सगळ्यांना बिअर पाजून मोकळे झाले.

नंतर ते आमच्याकडे जेवायला होते. मी पिठाचे उकडलेले डंपलिंग केले होते, ते त्यांनी रश्श्याबरोबर न खाता आपल्यासारखे आधी खाल्ले, बाबांना बरं वाटलं. जेवण झाल्यावर ते गंभीर झाले.

"मिस्टर बोरेट, एक गोष्ट सांगायची राहिली. मी तुमच्या गाण्यावर मोठी रचना केली आहे. शब्द नाहीत, नुसती वाद्यं. ते आता साठ माणसं वाजवणार आहेत."

"साठ?" बाबा म्हणाले. "मी एकाला दिलं होतं."

"हो."

"मग त्या साठांपैकी कुणाचं आहे ते?"

ॲशकोमनी काटा ताटात ठेवला. मग म्हणाले, "मलाही ते नक्की माहीत नाही. एप्रिलअखेर नॉरिचला आहे, या. ऐका. ऐकून तुम्ही म्हणालात की हे चुकलं, तर मी कागद फाडून टाकीन. माझं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं काम आहे ते, पण फाडीन."

मी त्यांच्याकडे बघत होते, रूबेन. ते उगाच बोलत नव्हते. त्यांना त्या कागदांबद्दल जे वाटतं ते आपल्याकडे लोकांना होडीबद्दल वाटतं. आणि ते त्यांनी आपल्या बाबांच्या हातात दिलं. तू ज्या माणसांत राहतोस ती माणसं मला फार मोठी वाटली त्या दिवशी, आणि बाबाही मोठे वाटले, कारण त्यांनी लगेच फाडा म्हटलं नाही. "ऐकतो," एवढंच म्हणाले.

आताशा ही पत्रं पोस्टात टाकायला बाबाच जातात. वाचता येत नाही त्यांना, पण पाकीट उलटंसुलटं करून बघतात. काल मी विचारलं नसताना म्हणाले, लंडनला धुकं फार असतं म्हणे, छातीला वाईट.

तुझी,
डॉर्कस


ऑरविक
रविवार, ५ एप्रिल १९०८

प्रिय रूबेन,

'बाबांना आणू नकोस.' एवढंच लिहायला एक पूर्ण कागद खर्च केलास. मग मागच्या बाजूला बारीक अक्षरात कारण. रचनेच्या शेवटी सगळे थांबतात आणि गाणं एकटा व्हायोला वाजवतो, आणि तो व्हायोला तुझा आहे. तो खालचा सूर बाबांसमोर वाजवायला तुझा हात धजणार नाही.

मी हे दोनदा वाचलं आणि चुलीत टाकलं, म्हणजे बाबांनी कुणाकडून वाचून घ्यायला नको.

मी त्यांना आणणार आहे. तू तिथे असशील हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते येणार नाहीत, आणि ते आले नाहीत तर एका भल्या माणसाचे कागद फाटतील की राहतील ते कळणार नाही. तुम्ही दोघं बापलेक असे आहात की तुम्हाला न सांगताच सगळं करावं लागतं. क्रिस्पकाकांनी त्यांची अंत्ययात्रेची टोपी बाबांना उसनी दिली आहे. मी कॉलरला खळ लावतेय.

हात धजला नाही तरी वाजव.

डॉर्कस


ऑरविक
रविवार, ३ मे १९०८

प्रिय रूबेन,

आम्ही न भेटता निघून आलो म्हणून तू रागावला असशील, किंवा सुटलास म्हणून श्वास सोडला असशील. दोन्हींपैकी काय ते मला तुझ्या चेहऱ्यावरून ओळखता आलं असतं, पण बाबा म्हणाले, "इथे नको. इथे सगळं त्यांचं आहे." आणि माझा दंड धरून बाहेर पडले. गाडीचीही वेळ झाली होती.

सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तू समोरच्या बाजूला होतास, तुला आम्ही दिसलो नसू.

आमची जागा ॲशकोमनी खांबाशेजारी ठेवली होती. आजूबाजूला रेशमी बायका. आधी एक लांबलचक जर्मन काहीतरी झालं, बाबांनी ते टोपी मांडीवर धरून सहन केलं. मग ॲशकोम आले. कार्यक्रमाच्या कागदावर त्या रचनेचं नाव 'ऑरविकची संध्याकाळ' असं छापलं होतं. मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "संध्याकाळ कुठली? ती दुपारची गोष्ट आहे, शिपाई जेवून येतात."

मग ती काळी पिपाणी सुरू झाली, एकटीच. रूबेन, मी ते गाणं पाळण्यात ऐकलंय, मला ते आपल्या पायरीच्या दगडाइतकं ओळखीचं आहे. मी कधी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, सगळे गप्प असताना, ते एकटं पुढे आलं आणि मला कळलं की ते किती सुंदर आहे. मला रडू आलं, मी लपवलंही नाही. शेजारची रेशमी बाई डोळे मिटून रुमाल लावत होती. तिला बिचारीला पिंपाचं काही माहीत नव्हतं.

पिपाणीकडून ते पितळी शिंगानं घेतलं, त्याच्याकडून गुडघ्यात धरतात त्या मोठ्या व्हायोलिनांनी. मग सगळे साठ एकदम. बाबा खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं उठून जातात की काय. ते ओठ न हलवता मोजत होते, कडवं कितवं ते.

आणि मग सगळे थांबले आणि तू वाजवायला लागलास.

तुला मी लगेच ओळखलं, मान तशीच डावीकडे. बाबांनी कधी ओळखलं ते मला माहीत नाही. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला, अजून तिथे थोडं निळं आहे. तू दुसऱ्या ओळीच्या शेवटी पोचलास. तो सूर आला, खाली, जिथे असतो तिथे, आणि तू त्यावर क्षणभर थांबलास. ॲशकोमनीही काठी तशीच धरून ठेवली. मग तू गाणं पुरं केलंस आणि पुढे कुणीच काही वाजवलं नाही.

लोकांनी टाळ्या किती वाजवल्या ते तुला माहीत आहे. बाबांनी वाजवल्या नाहीत. 'शिप'मध्ये टाळ्या वाजवत नाहीत. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

बाहेर पायऱ्यांवर ॲशकोम धावत आले, घामानं निथळत. "मिस्टर बोरेट, फाडू?"

"नको," बाबा म्हणाले. "नीट ठेवा. पण गाणं तुमचं राहिलं नाही आता."

ॲशकोम समजून हसले आणि त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. ते समजले असं मला वाटलं. मला मात्र काही समजलं नव्हतं. बाबांनी त्यांना तुझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तुझं परदेशी नाव तुझ्याकडे सुखरूप आहे.

गाडीनं बेकल्स स्टेशन सोडलं. मग बाबा बोलायला लागले.

"डॉर्कस, त्यांनी सगळं रीतीनं केलं. तू बघितलंस?"

"काय बघितलं?"

"मी ॲशकोमना दिलं. त्यांनी पिपाणीवाल्याला दिलं. त्यानं म्हटलं, शिंगवाल्याला दिलं, आणि मग परत तोंडात घेतलं नाही, गप्प बसला. शिंगवाल्यानं मोठ्या व्हायोलिनांना दिलं. ती पण गप्प. चांगली माणसं आहेत. आपल्याकडे टॉमस कटिंगला एवढं जमत नाही."

"आणि सगळ्यांनी एकदम वाजवलं ते?"

"ते ध्रुवपद. ते सगळ्यांचं असतं."

मग ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी वाट बघितली. मला कळत होतं त्यांचं बोलणं कुठे चाललंय.

"शेवटी रूबेनकडे आलं," ते म्हणाले.

रूबेन, त्या नाताळापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. 'तो' म्हणायचे, नाहीतर 'लंडनचा'.

"त्याच्यानंतर कुणी घेतलं नाही," ते म्हणाले. "तो थांबला आणि सगळे थांबले. म्हणजे ते त्याच्याकडेच राहिलं."

मी म्हटलं, "बाबा, ते कागदावर तसं लिहिलेलं असतं. ॲशकोमनी लिहिलं, त्यानं वाजवलं."

"आणि तो सूर?"

"तोही लिहिलेला असतो."

"असेल. पण तो त्यावर थांबला. थांबायचं कागदावर होतं का?"

मला माहीत नाही, रूबेन. होतं का? असलं तर मला सांगू नकोस.

घरी आल्यावर त्यांनी बूटही काढले नाहीत, तसेच क्रिस्पकाकांकडे टोपी परत द्यायला गेले. टोपी द्यायला एवढा वेळ लागत नाही. परत आले ते जेवले, दोनदा वाढून घेतलं.

काल शनिवार होता. बाबा 'शिप'मध्ये गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ते आपल्या जागी बसले नाहीत, आजोबा बसायचे त्या बाकावर बसले, आणि कुणी काही विचारलं नाही. दोन-तीन गाणी झाली. मग क्रिस्पकाकांनी फळी टेबलावर ठोकली आणि पुकारलं, "रूबेन बोरेट, पिंप."

कुणी हललं नाही. टॉमस कटिंगसुद्धा पेला हातात धरून दाराकडे बघत होता. सगळे थांबले, जसे गाणारा घसा साफ करत असला की थांबतात तसे. काकांनी बाबांकडे बघितलं.

"पुढचं घ्या," बाबा म्हणाले. "त्याला लांबून यायचंय."

तुझी,
डॉर्कस